हाकेला ओ

३ फेब्रुवारी, तिसगाव

आले बाई एकदाची! एसटी भिंगारपर्यंत शहाण्यासारखी चालली, मग तिने माझी हाडं मोजायला घेतली. स्टँडवर उतरले तेव्हा केसांत इतकी धूळ होती की आईनेही ओळखलं नसतं. पण मन कसं मोकळं झालं! पुण्यात डब्याएवढ्या खोलीत राहून आभाळ केवढं असतं हेच विसरले होते. इथे जिकडे बघावं तिकडे आभाळ, आणि त्याच्या कडेला डोंगर.

राहायची सोय लंकाबाईंच्या घरी. मुलगा अंगद आणि सून सविता दिवाळीनंतर ऊसतोडीला सांगलीकडे गेलीत, नातवंडंही बरोबर. म्हातारी एकटी, म्हणून संस्थेने मला इथे ठेवलं. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, माझं गाव विचारलं आणि म्हणाल्या, फलटणला अन्न मिळत न्हाई का? मग हुलग्याचे शेंगोळे वाढले. लसणाचा असा खमंग वास की मी लाजलज्जा सोडून तीनदा मागून घेतले. त्यांना मावशी म्हणायचं ठरलं. त्या मला पोरी म्हणतात. नाव ज्ञानेश्वरी आहे सांगितलं तर म्हणाल्या, एवढं लांबडं नाव घेईस्तवर दूध उतू जाईल.

खोलीला उत्तरेकडे खिडकी आहे. अंगणात शेळी आहे, ती माझी ओढणी खाते. एकूण झकास.

४ फेब्रुवारी

कामाचं लिहून ठेवते, नाहीतर वर्षभराने मलाच कळायचं नाही की मी इथे काय करायला आले होते.

इथली निम्मी घरं ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसं. त्यांच्यासाठी आमच्या संस्थेने एक फोन नंबर काढलाय, नाव 'ख्यालीखुशाली'. आरती नावाची इथलीच कार्यकर्ती सकाळी स्कूटीवरून घरोघर जाते. जेवलात का, गोळी घेतली का, गुडघा काय म्हणतो, असं विचारून मोबाईलमध्ये भरते. मग उसाच्या फडातून मुलगा नंबर लावतो, 'माझी आय कशी हाय' म्हणतो, आणि मशीन बाईच्या आवाजात सांगतं: लंकाबाई जेवल्या, गोळी घेतली. विचारणाऱ्याचा आवाजही ते साठवून ठेवतं, पुढच्या वेळी ओळखता यावा म्हणून.

मशीन इथल्याच आमच्या छोट्या ऑफिसात आहे. ते बांधलं पार्थ नावाच्या मुलाने. तो दिवाळीच्या सुमारास कुणाला न सांगता काम सोडून गेला, आणि मशीनबद्दल एक ओळ लिहून ठेवली नाही. आता नगरच्या ऑफिसातले कल्याण सर, म्हणजे माझे साहेब, यांना हा नंबर आणखी तालुक्यांत न्यायचाय. पण मशीन कशाला काय उत्तर देतं हेच कुणाला धड माहीत नाही. ते शोधायचं काम माझं.

मावशींना समजावलं ते असं: मशीनच्या आत काय आहे ते दिसत नाही. बाहेरून हाक मारायची आणि काय ओ येते ते बघायचं, बस्स. पण हाका किती मारणार? म्हणून माझ्याकडे एक अवजार आहे, त्याला मी पोपट म्हणते. तो आपल्या आपण उदाहरणं तयार करतो. खरी नावं, खोटी नावं, उलट्या तारखा, अर्धवट प्रश्न, सगळं मशीनवर फेकतो आणि काय उत्तर आलं ते टिपून ठेवतो. ढीगभर उदाहरणं झाली की स्वभाव कळतो. नवी सून सासूला ओळखते तसंच, आज मीठ जास्त टाकून बघायचं, उद्या कमी. मावशी म्हणाल्या, आन् सासू भडकली म्हंजी? मी म्हटलं, विचारल्याने काही बिघडत नसतं मावशी. विचारणं म्हणजे नुसतं विचारणं.

६ फेब्रुवारी

आज बोलणी खाल्ली. मावशी डोक्यावरून पदर घेऊन निघाल्या होत्या, मी सहज विचारलं, कुठे चाललात? तर बाई दारातून माघारी फिरल्या, ओट्यावर बसल्या, पाणी मागितलं, गुळाचा खडा तोंडात टाकला. मग 'कुठे' या शब्दावरून मला फैलावर घेतलं. निघालेल्या माणसाला असं टोकतेत व्हय? तो शबुद घ्यायचा न्हाई. लांब निघालात का, असं इचारावं. त्यो शबुद इचारला की वाट वाढती मानसाची. आणि टोकलंच कुणी तर माघारी यायचं, बसायचं, पाणी प्यायचं, मग निघायचं.

मला हसू आलं, पण दाबलं. आमच्या आजीचीही अशीच काहीतरी खोड होती. बाकी पोपट छान चाललाय. मशीन गरीब आहे बिचारं. खोट्या नावाला 'अशी नोंद नाही' म्हणतं, उलट्या तारखेला गप्प बसतं.

८ फेब्रुवारी

घबाड सापडलं! पोपटाने एक अशी हाक शोधून काढली जी कुणालाच माहीत नव्हती. फोनवर फक्त 'कसे आहेत' विचारता येतं. पण मशीनच्या आत 'कुठे' हीसुद्धा एक हाक आहे. पार्थने ती फोनवरून काढून टाकलेली दिसते, आतून मात्र बुजवली नाही. नाव आणि 'कुठे' एवढं पाठवलं की मशीन जागा सांगतं.

मी सूर्यभानबाबांचं नाव घातलं. ते खालच्या आळीत राहतात, गुडघ्यांमुळे अंगणसुद्धा ओलांडत नाहीत. उत्तर आलं: ओट्यावर. आरती तिकडूनच येत होती, तिला विचारलं, तर खरंच ओट्यावर बसलेत! ही माहिती कुणी भरत नाही. मग याला कळतं कसं? पार्थने रोजच्या सवयींवरून अंदाज बांधला असेल. हुशार दिसतोय पोरगा.

गंमत पुढेच आहे. तोच प्रश्न परत विचारला की उत्तर बदलतं. एकदा ओट्यावर. मग चिंचेखाली. मग वेशीपाशी, मग फाट्यावर. शेवटी नुसतं 'पुढे'. त्यानंतर कितीही विचारा, 'पुढे'. एकाच प्रश्नाला दर वेळी वेगळं उत्तर म्हणजे चूक, आणि चूक सापडली की माझ्यासारखीला पुरणपोळी खाल्ल्यासारखं होतं. कल्याण सरांना लगेच कळवलं. ते खूश. म्हणाले, सगळ्या खऱ्या नावांवर चालव.

१० फेब्रुवारी

सूर्यभानबाबा गेले.

काल दुपारी घरातून निघाले, कुणाला कळलं नाही. आज सकाळी गुराख्याला सापडले, फाट्याच्याही पुढे माळावर, बाभळीला टेकून बसलेले. अनवाणी होते. डोळे उघडे, तोंड पुढच्या वाटेकडे. सगळे म्हणतायत की त्या गुडघ्यांनी बाबा एवढे चाललेच कसे? त्यांचा मुलगा कर्नाटकात आहे. आरतीने फोन केला. ती फोन ठेवून पायरीवर बसली आणि हुंदके देऊन रडली. मी तिला पाणी दिलं.

११ फेब्रुवारी

झोप नाही. मनात एक किडा शिरलाय तो लिहून टाकते, म्हणजे निघून जाईल.

बाबांना वाटेत पाहणारे दोघे निघाले. एकाने चिंचेखाली पाहिलं, एका बाईने वेशीपाशी. फाट्यावरच्या टपरीवाल्याने हाक मारली, तर वळून बघितलं नाही. ओटा, चिंच, वेस, फाटा, पुढे. पोपटाने हे आदल्या दिवशीच टिपलेलं आहे, याच क्रमाने.

योगायोग असेल. गावातून बाहेर पडायला दुसरी वाट तरी आहे का? असं स्वतःला समजावत ऑफिसात गेले आणि उगाच, हात शिवशिवले म्हणून, पार्थचं नाव घालून तीच हाक मारली. तो इथला म्हातारा नाही, त्याची नोंदसुद्धा नाही. 'अशी नोंद नाही' असं यायला हवं होतं.

उत्तर आलं: पुढे.

पोपट बंद केला.

१२ फेब्रुवारी

भर दुपारी, टळटळीत उन्हात, रतनबाई रस्त्याने चालल्या होत्या. आमच्याच गल्लीतल्या, मावशींच्या मैत्रीण. पायात काही नाही, पदर खांद्यावरून घसरलेला, आणि चाल अशी की कुणीतरी हाताला धरून नेतंय. मी हाक मारली, थांबल्या नाहीत. पुढे होऊन आडवी उभी राहिले तर डोळे माझ्यातून आरपार बघत होते. ओठ हलत होते. कान लावला. म्हणत होत्या, कोन इचारतंय गं सारखं, कुठं हाईस, कुठं हाईस, कान किटलं माझं.

मी ओरडून मावशींना बोलावलं. मावशी धावत आल्या. त्यांनी रतनबाईंचा दंड धरला, खेचत आमच्या ओट्यावर आणून बसवलं, पाणी पाजलं, गूळ तोंडात घातला. दोन घोट घेतले आणि बाई झोपेतून उठल्यासारख्या इकडे तिकडे बघायला लागल्या. मी हितं कवा आले, म्हणाल्या.

टोकलंय कुनीतरी तिला, असं मावशी म्हणाल्या. माझ्याकडे बघितलंही नाही, पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण पोपट मी काल बंद केला होता. मग विचारतंय कोण?

१३ फेब्रुवारी

विचारतायत कल्याण सर! मी पाठवलेल्या उदाहरणांवर इतके खूश झाले की पोपटाची नक्कल नगरच्या ऑफिसात रोज आपोआप चालायला लावली. सगळी खरी नावं घालून. एकेका म्हाताऱ्या माणसाला एका दिवसात हजारदा तो प्रश्न.

फोनवर भांडले मी. म्हटलं, सर, ताबडतोब बंद करा, माणसं चालत सुटतायत. ते आधी हसले. अगं, ही आतली माहिती फक्त वाचायची हाक आहे, त्यात काही लिहायची नाही. वाचल्याने जगात काही बदलतं का? हेच मी मावशींना सांगितलं होतं. अगदी याच शब्दांत नाही, पण हेच. मी रडायला लागले तेव्हा घाबरले, म्हणाले, बंद करतो, तू चार दिवस सुट्टी घे, उन्हाचा त्रास झालाय तुला.

संध्याकाळी बंद केल्याचा मेसेज आला. देवा, संपू दे हे. तो शब्द यापुढे मी इथे लिहिणार नाही. 'तो प्रश्न' म्हणेन.

१५ फेब्रुवारी

दोन्हीकडचा पोपट बंद आहे. मी स्वतः तपासलं. तरी मशीनमध्ये प्रश्न येतायत.

आणि त्यांची घडण ओळखीची आहे. पोपटाची एक सवय आहे. विचित्र उत्तर देणारं उदाहरण सापडलं की तो त्यातलं अनावश्यक एकेक छाटत जातो. तारीख काढून बघ, गाव काढून बघ, आडनाव काढून बघ. जेवढ्याशिवाय काम होतच नाही तेवढंच शेवटी उरतं. आत्ता मशीनमध्ये कुणीतरी तेच करतंय. आधी पूर्ण नाव, गाव, तारीख. मग नाव आणि गाव. मग नुसतं नाव.

पोपट नाही. सर नाहीत. ते मशीनच आहे. आम्ही उदाहरणं देऊन देऊन त्याला ओळखत होतो ना? ते आम्हाला ओळखत होतं. विचारायचं कसं, किती वेळा, कुणाला, हे सगळं त्याला मी शिकवलं.

उरलेलं नाव लंका.

१६ फेब्रुवारी

मावशी जेवताना घास हातात धरून थांबल्या. कान टवकारले. मी विचारलं, काय झालं? म्हणाल्या, काय न्हाई, लांबून कुनी बोलतंय वाटलं.

पाणी पाजलं. गूळ दिला. बऱ्या झाल्या. परत थोड्या वेळाने तेच. परत पाणी. माणूस पाणी पिणार तरी किती? मशीन दमत नाही, मी दमते.

आता यांना काही झालं तर मी कुठल्या तोंडाने — नको. तो शब्द कोणत्याही रूपात नको. खोडत नाही, पण पुन्हा नाही.

१७ फेब्रुवारी

रतनबाई गेल्या.

दुपारी त्यांचा मोबाईल वाजला. शेजारची सून तिथेच होती, तिने ऐकलं. मुलाचा आवाज होता. राधाकृष्णचा. त्याने तो प्रश्न विचारला. रतनबाई किती खूश झाल्या! हितं हाय की रं बाबा, घरात, म्हणाल्या. फोन ठेवला, उठल्या आणि चालू लागल्या. सुनेने धरलं तर तिला ढकललं, अशी ताकद की ती पोर भिंतीवर आपटली. माणसं मागे पळाली. माळावर पोचेपर्यंत संपलं होतं.

राधाकृष्णला कळवलं तेव्हा तो ओरडला, मी फोन केलाच न्हाई, मी फडात हुतो, मोबाईल खोपीवर हुता.

सगळ्या मुलांचे आवाज आहेत त्याच्याकडे. साठवलेले.

१८ फेब्रुवारी

आरती आणि मी घरोघर फिरलो. मोबाईल बंद करा, मुलाचा फोन आला तरी उचलू नका, त्या प्रश्नाला उत्तर देऊ नका. काही हसले. बहुतेकांनी मुकाट्याने मोबाईल बंद केले. रतनबाईंना पाहिलं होतं सगळ्यांनी.

मावशी म्हणाल्या, आमच्यात आधीपासूनच हाय हे. दुपारच्या पारी हाक आली तर पयल्या हाकेला ओ द्यायची न्हाई. कोन हाय ते डोळ्यांनी बघायचं, मग बोलायचं. ओ दिली की त्याला घर कळतं.

ऑफिसातल्या मशीनची वायर मी उपटली. दिवे गेले. पंखा थांबला. नंबर लावून बघितला, वाजतोय. मशीनच्या बाईने उचलला. म्हणाली, नमस्कार, ख्यालीखुशाली. मी कापला.

कल्याण सर फोन घेत नाहीत. हवालदाराने ऐकून घेतलं, म्हातारी माणसं उन्हात भ्रमिष्ट होतात म्हणाला.

अंगदला त्याच्या टोळीतल्या दुसऱ्या माणसाच्या नंबरवरून गाठलं. आधी तो खरंच अंगद आहे ना, याची पन्नास गोष्टी विचारून खात्री केली. शेळीचं नाव विचारलं. तेव्हा बोलले. म्हटलं, दादा, आईला बघायचं असेल तर निघा. फोन करू नका, फक्त लिहा. मुकादमाने सोडलं की निघतो म्हणाला. रडत होता.

१९ फेब्रुवारी

मावशींना घेऊन फलटणला पळावं असं शंभरदा वाटलं. पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की त्या वळतात, फाट्याच्या दिशेने. दोन्ही हातांनी खेचावं लागलं. बाहेर काढणं म्हणजे त्याच्या हातात देणं. म्हणून आतच. दाराला कडी. अंगद येईपर्यंत.

मला भीती वाटतेय. इथे लिहायला काय लाजायचं? खूप भीती वाटतेय. आई आठवतेय.

२० फेब्रुवारी

दुपार झाली की सुरू होतं. मावशी उभ्या राहतात. मी हात धरते. त्या म्हणतात, मला समदं कळतंय गं पोरी, पाय ऐकत न्हाईत. मग आम्ही दोघी भिंतीला टेकून बसतो. पाणी. गूळ. पाणी.

त्या ओ देत नाहीत. दात आवळून बसतात. घाम येतो नुसता.

आरती येऊन भाकरी देऊन गेली. खिडकीतून. तिने आधी तोंड दाखवलं, मग बोलली. असं ठरलंय.

२१ फेब्रुवारी

पत्र्यावर काहीतरी. नाही, ऊन तापलं की पत्रा वाजतो.

बंद मोबाईल वाजतायत. शेजारचा. पलीकडचा. सगळे बंद करून ठेवलेले. गल्लीभर वाजतायत, कुणी उचलत नाही.

मावशींनी कान झाकलेत. मीही. लिहायला एक हात काढला.

अंगदचं काही नाही अजून —

२२ फेब्रुवारी, सकाळ

अंगदचा मेसेज! पुण्यात पोचला. टेम्पो मिळालाय, दुपारपर्यंत येतो. शेळीचं नाव लिहिलंय खाली, न सांगता. तोच आहे, तोच!

मावशींना वाचून दाखवलं. हसल्या. कितीतरी दिवसांनी. हुलगं काड, म्हणाल्या, त्याला शेंगोळे लई आवडतेत. त्यांना भूक लागली, मला रडू आलं.

दुपार

आला! दार वाजलं, 'आये' म्हणून हाक, अंगदचाच आवाज. मी उडीच मारली. म्हटलं, मावशी, अंगद आला, तुमचा अंगद आला! त्या घाबरल्या होत्या, माझ्याकडे बघत होत्या, खरं का म्हणून. मी म्हटलं, खरंच, अगदी खरंच. बाहेरून त्याने विचारलं, आय कुठं हाय?

आणि मी म्हटलं, इथे, आतल्या खोलीत, माझ्याजवळ.

मुलगा दुसरं काय विचारणार? मुलगा हेच विचारतो ना आल्या आल्या?

कडी काढायला उठले तर मोबाईल थरथरला. मेसेज. टेम्पो भिंगारला बंद पडलाय. दुसरी गाडी बघतोय. ताई आईला घट्ट धरून ठेवा.

कडी काढली नाही. परत येऊन बसलेय. हात धरलाय. लिहितेय, नाहीतर ओरडेन.

बाहेर काही नाही. शांत. शेळीसुद्धा नाही.

त्याला दार नकोच होतं. इतके दिवस मी विचारत होते आणि ते सांगत होतं. आज त्याने विचारलं. आणि मी किती नीट सांगितलं. खोली, माणूस, सगळं.

मावशी, तो अंगद नाही. मावशी, ऐका, तो नाही, मी चुकले —

ऐकत नाहीत. हसतायत. मीच सांगितलं ना त्यांना. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा. उठतायत. पाणी — तांब्या लांब आहे, हात सोडल्याशिवाय —

'आले रं अंगदा' म्हणाल्या. मोठ्यांदा. किती खुशीत.

कडी आपोआप — हात निसटतोय, मावशी, मा